चर्चा : परीक्षणासाठी घेतलेल्या पुस्तकावर लिहिणे बंधनकारक आहे का?

समासलेखक :

पुस्तकांविषयी ब्लॉगवर नियमित लिहू लागले की प्रकाशक परीक्षणासाठी प्रती पाठवू लागतात, आणि प्रत हातात पडली की आता यावर लिहावेच लागेल, असे ओझे नकळत मनावर येते. माझे मत असे की प्रत स्वीकारणाऱ्यावर परीक्षण लिहिण्याचे बंधन नसावे, कळवण्याचे मात्र असावे. पुस्तक मिळाले, वाचत आहे, अर्ध्यावर सोडले, लिहिणार नाही, यांपैकी जे खरे असेल ते त्याने ठरलेल्या मुदतीत प्रकाशकाला सांगावे. नियतकालिकांतील 'साभार पोच' हे सदर यापेक्षा वेगळे काही करत नाही. पुस्तक पोहोचल्याची नोंद होते आणि त्यापलीकडे कसलेही वचन दिले जात नाही.

भिडेपोटी लिहिलेले परीक्षण वाचकाच्या चटकन लक्षात येते. मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून मांडलेला असतो, मुखपृष्ठाचे कौतुक असते आणि शेवटी 'प्रत्येकाने वाचावे असे पुस्तक' हे वाक्य ठेवणीतून काढलेले असते. अशा लेखनाने ब्लॉगलेखकाची पत जाते आणि प्रकाशकाचे पुस्तकही खपत नाही. म्हणून प्रत घेण्यापूर्वीच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट कराव्यात : आपण कोणत्या प्रकारची पुस्तके वाचतो, वाचायला साधारण किती आठवडे लागतील, प्रतिकूल मत झाले तर तेही प्रसिद्ध करणार, आणि प्रत विनामूल्य मिळाली हे परीक्षणात सांगणार. प्रकाशकाला यातले काही मान्य नसेल, तर प्रत न घेतलेली बरी.

प्रसिद्धिखाते :

मी एका प्रकाशनसंस्थेत प्रसिद्धीचे काम पाहते आणि आपल्या मांडणीशी असहमत आहे. परीक्षणासाठी द्यायच्या प्रतींची संख्या प्रत्येक पुस्तकामागे आधीच ठरलेली असते, आणि या प्रतींवर लेखकाला सहसा रॉयल्टी मिळत नाही. तुम्हाला पाठवलेली प्रत दुसऱ्या कोणाला तरी नाकारलेली असते. 'लिहिणार नाही' असे दोन महिन्यांनी कळवणे सभ्यपणाचे असेल, पण तोवर पुस्तक बाजारात येऊन पहिले, सर्वांत महत्त्वाचे आठवडे उलटून गेलेले असतात. विक्रेते फेरमागणी द्यायची की नाही हे याच काळात ठरवतात. जुन्या पुस्तकावर वर्षभराने आलेले चांगले परीक्षणही आम्हाला हवेच असते, परंतु पहिल्या पुस्तकाच्या लेखकाला तेवढा काळ थांबणे परवडत नाही.

ई-प्रतींच्या व्यवहारात तर अपेक्षा उघडपणे मांडलेली असते. परीक्षणासाठी ई-प्रती देणाऱ्या, २००८ साली सुरू झालेल्या नेटगॅली या संकेतस्थळावर वाचकाने घेतलेल्या प्रतींपैकी किती पुस्तकांवर अभिप्राय दिला याचे प्रमाण प्रकाशकाला दिसते, आणि ते ८० टक्के असावे अशी शिफारस आहे. त्यामुळे बंधन नकोच असे म्हणण्यापेक्षा कमी प्रती मागाव्यात आणि मागितलेल्या वाचाव्यात, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

मुद्रितशोधक :

एक व्यावहारिक मुद्दा. प्रकाशनापूर्वी येणारी आगाऊ प्रत अंतिम मुद्रितशोधनाआधीची असू शकते आणि तिच्यावर तशी सूचनाही असते. तरीही त्यातील अक्षरचुका दाखवून संपादनाची हजेरी घेणारी परीक्षणे मी वाचली आहेत. अवतरण द्यायचे असेल तर ते अंतिम प्रतीशी ताडून घ्यावे. गाळलेला परिच्छेद परीक्षणात जसाच्या तसा उद्धृत झाला, तर तो लेखकावर अन्याय ठरतो. मात्र अंतिम प्रत, निदान तिची पीडीएफ, ब्लॉगलेखकाला आपण होऊन पाठवण्याचे भान फार थोडे प्रकाशक ठेवतात, हेही नोंदवतो.

विकतचा वाचक :

समासलेखक आणि प्रसिद्धिखाते, आपण दोघेही मुळातला प्रश्न टाळत आहात. परीक्षण करायचे तर पुस्तक विकत घ्यावे किंवा ग्रंथालयातून आणावे. फुकट आलेल्या पुस्तकाविषयी मन थोडे मऊ होतेच, आणि पुढची प्रत येत राहावी ही इच्छा त्याहून घातक असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २००९ साली जाहिरातींतील शिफारशींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली, तेव्हा मोफत वस्तू घेऊन लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकांचा त्यांत स्पष्ट उल्लेख आला. भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत तर न मागता आलेली मोफत वस्तूही देणाऱ्याशी असलेल्या, जाहीर करण्याजोग्या संबंधांत धरली आहे. अ‍ॅमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्ये मोफत वस्तूच्या बदल्यात अभिप्राय देण्यावर बंदी घातली, पण पुस्तकांच्या आगाऊ प्रतींना वगळले, कारण ही प्रथा जुनी आहे. प्रथा जुनी असली म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

समासलेखक :

विकतचा वाचक यांचा आक्षेप गंभीर आहे, पण त्यांचा उपाय मला मान्य नाही. केवळ विकत घेतलेल्या पुस्तकांवर लिहायचे ठरवले, तर आपण बहुधा ज्यांची नावे आधीच कानावर आली आहेत अशीच पुस्तके घेऊ. कवितासंग्रह, अनुवाद, छोट्या प्रकाशकाने काढलेले अनोळखी लेखकाचे पहिले पुस्तक यांच्याकडे नजर वळणार नाही. परीक्षण-प्रतीचा खरा उपयोग तिथे आहे. मन मऊ होण्यावर उपाय म्हणजे संबंध नीट उघड करणे. 'प्रत मोफत मिळाली, मत माझे स्वतःचे' हे वाक्य आता मंगलाष्टकांइतके सवयीचे झाले आहे आणि तेही लेखाच्या तळाशी असते. त्याऐवजी प्रत मी मागितली की आपण होऊन आली, लेखक माझ्या परिचयाचा आहे का, याच प्रकाशकाच्या प्रती मला नेहमी मिळतात का, हे पहिल्याच परिच्छेदात सांगितले तर वाचक आपला हिशेब करू शकतो.

प्रसिद्धिखाते यांना एक विचारतो. लिहिण्याचे बंधन मानायचे, तर न आवडलेल्या पुस्तकावरही लिहिणे आलेच. प्रकाशनाच्या पहिल्याच आठवड्यात आलेले परखड परीक्षण आपली संस्था तितक्याच आनंदाने स्वीकारील का?

प्रसिद्धिखाते :

आनंदाने नाही, पण स्वीकारावे लागते. परीक्षणाचा मसुदा आधी दाखवा, अमुक वाक्य काढा, अशी मागणी प्रकाशकाने कधीही करू नये. असे करणारे आहेत आणि त्यांच्यामुळे आम्ही सगळेच बदनाम होतो. लेखकाचे नाव, सन किंवा अनुवादकाचा उल्लेख चुकला असेल, तर ती दुरुस्ती सुचवण्यापुरताच आमचा अधिकार आहे. ब्लॉगलेखकाकडून मात्र मी एवढी अपेक्षा ठेवते की प्रतिकूल परीक्षण लेखकाला थेट पाठवून त्याने उत्तराची वाट पाहू नये.

आपल्या 'कळवण्याच्या' सूचनेबाबत मी एक पाऊल पुढे येते. पुस्तक पन्नास पानांपुढे सरकत नसेल तर ते तेव्हाच कळवा. प्रकाशन व्हायचे असेपर्यंत मला दुसरा वाचक शोधता येतो. नंतर आलेला नकार माझ्या कामाचा नसतो. आणि न मागता पाठवलेल्या प्रतींवर कसलाच हक्क सांगता येत नाही, हे आमच्या क्षेत्रातल्यांनीही मान्य करावे.

विकतचा वाचक :

म्हणजे परीक्षण झाले नाही तरी प्रत ब्लॉगलेखकाकडेच राहणार. मग ती तो विकूही शकतो?

समासलेखक :

विकू नये. प्रकाशित आवृत्तीची प्रत वाचनालयाला किंवा मित्राला देण्यात मला गैर दिसत नाही.

मुद्रितशोधक :

आगाऊ प्रत मात्र तीही देऊ नये. न सुधारलेला मजकूर ग्रंथालयाच्या कपाटात गेला की पुढे कोणी तरी तोच प्रमाण मानून उद्धृत करतो. प्रकाशकाला विचारून ती परत करावी किंवा रद्दीत टाकावी.

विकतचा वाचक :

रद्दीत टाकायचे पुस्तक मतासाठी पाठवणे मला अजूनही पटत नाही. अंतिम प्रत तयार होईपर्यंत थांबावे. परीक्षण महिनाभर उशिरा आले तरी वाचकाचे काही बिघडत नाही.

प्रसिद्धिखाते :

वाचकाचे बिघडत नाही, लेखकाचे बिघडते. फेरमागणीचा निर्णय तेवढा वेळ थांबत नाही.