रहीम साहेबांच्या संघांतला सर्वश्रेष्ठ आघाडीवीर कोण मानावा?

मोतीबाग_कोच (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नागपुरात आम्ही काही जण रविवारी सकाळी पंधरा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. सराव आटोपला की मुलांना भारतीय फुटबॉलमधल्या एखाद्या जुन्या खेळाडूविषयी सांगायचे आणि पुढच्या रविवारचा सराव त्याच खेळाडूच्या एखाद्या गुणावर बेतायचा, असा आमचा परिपाठ आहे. या वेळी भारतीय संघाचे जुने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली खेळलेला एक आघाडीवीर निवडायचा, इथपर्यंत आमचे जमले. तो कोण, यावर मात्र एकमत झालेले नाही. मुलांना रहीम साहेब त्यांच्यावर निघालेल्या हिंदी चित्रपटामुळे नावाने ठाऊक आहेत, पण त्यांचे खेळाडू अजून ठाऊक नाहीत. म्हणून ही निवड मला महत्त्वाची वाटते.

चर्चा भरकटू नये यासाठी दोन गोष्टी आधीच ठरवून घेऊ. रहीम साहेब १९५० पासून १९६३ साली कर्करोगाने त्यांचे निधन होईपर्यंत भारतीय फुटबॉलचे सूत्रधार होते, तेव्हा १९५१ चे दिल्लीतील आशियाई सामने, १९५२ चे हेलसिंकी, १९५६ चे मेलबर्न आणि १९६० चे रोम ऑलिंपिक आणि १९६२ चे जकार्ता आशियाई सामने, एवढ्याच स्पर्धा विचारात घ्याव्यात. दुसरे असे की, मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा ईस्टर्न रेल्वेकडून कोणी किती गोल केले, याचा हिशेब इथे नको. कारण क्लबच्या आकडेवारीवर बोलणे सुरू झाले की राष्ट्रीय प्रशिक्षकाने त्या खेळाडूकडून काय करून घेतले, हा प्रश्न मागे पडतो.

माझा स्वतःचा कल पी. के. बॅनर्जी यांच्याकडे आहे. रोममध्ये ते कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीतला आपला गोल त्यांचा होता. जकार्ताच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध १७व्या मिनिटाला पहिला गोलही त्यांनीच केला. मेलबर्नपासून जकार्तापर्यंत उजवी बाजू त्यांच्याकडे होती. इतक्या वर्षांचे सातत्य आणि मोठ्या सामन्यांतले गोल या दोन्ही कसोट्यांवर उतरणारा दुसरा खेळाडू मला दिसत नाही. आपली मते कारणांसह मांडावीत, ही विनंती.

धंतोलीकर

आपल्या दोन्ही अटी मान्य करूनच मी नेव्हिल डिसूझा यांचे नाव सुचवतो. गोमंतकीय कुळातला, मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या मध्यभागी खेळणारा खेळाडू) महाराष्ट्रातल्याच मुलांना माहीत नसावा, याची मला फार खंत वाटते.

मेलबर्नमध्ये हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपण थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचलो आणि तिथे यजमान ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ४-२ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गोल नेव्हिल यांचे होते, आणि ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्यापुढचा सामना मला त्याहून मोलाचा वाटतो. ज्या युगोस्लाव्हियाने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत आपल्याला १०-१ असे लोळवले होते, त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध उपांत्य सामन्यात उत्तरार्धाच्या सुरुवातीला भारत १-० ने पुढे होता, आणि ती आघाडीही नेव्हिल यांच्याच गोलाने मिळालेली होती. तो सामना आपण पुढे ४-१ ने गमावला हे खरे; तरीही चार गोलांनिशी ते त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले राहिले. आघाडीवीराचे पहिले काम गोल करणे हे असेल, तर जागतिक पातळीवर ते काम यापेक्षा चांगले करून दाखवणारा भारतीय कोण आहे, हे मला कोणीतरी सांगावे.

सदर_लेफ्टविंग

धंतोलीकर भाऊंचा मुद्दा वजनदार आहे, आणि मेलबर्नची ती स्पर्धा नेव्हिल यांचीच होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण विचारलेले आहे ते रहीम साहेबांच्या साऱ्या कारकिर्दीतल्या सर्वश्रेष्ठ आघाडीवीराविषयी, एका स्पर्धेतल्या सर्वश्रेष्ठ कामगिरीविषयी नव्हे. रहीम साहेबांचे फुटबॉल ज्याच्या खेळात सर्वांत पूर्णपणे उतरले, त्याला मी पहिले स्थान देईन, आणि माझ्या मते तो खेळाडू तुळसीदास बलराम हा आहे.

रहीम साहेब पेशाने शिक्षक होते आणि त्यांचा सरावही शिकवण्यासारखाच पायरीपायरीने चाले. चेंडू पायाशी घोळवत बसण्यावर बंदी असलेले सामने ते खेळवत, दुर्बळ पायाने खेळायला लावत, आणि चेंडू आल्या क्षणी पुढे देण्याची सवय अंगवळणी पाडत. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईतला रोव्हर्स करंडक जिंकला, तो याच शिस्तीच्या बळावर. या पद्धतीत आघाडीवीराला एकाच जागी उभे राहून पासची वाट पाहता येत नाही. त्याला मागे येऊन चेंडू घ्यावा लागतो, जागा बदलावी लागते, बचावपटूला स्वतःमागे ओढून सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करून द्यावी लागते.

सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीत, हलाखीच्या परिस्थितीत वाढलेल्या बलराम यांना रहीम साहेबांनी हेरले. सरावाला येण्याजाण्यासाठी सायकलच्या भाड्याचे पैसेही साहेबांनीच दिल्याचे सांगितले जाते. पुढे हा मुलगा इनसाइड लेफ्ट (मध्य आणि डावी कड यांच्या मधला आघाडीवीर) म्हणून खेळला, डाव्या विंगवर म्हणजे डाव्या कडेला खेळला, गरज पडली तेव्हा मध्यभागी येऊनही खेळला. दोन्ही पाय चालत, आणि पास द्यायचा की स्वतः मारायचे याचा निर्णय चेंडू येण्याआधीच झालेला असे.

आता पुराव्याकडे वळू. रोममध्ये आपल्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते, म्हणजे सोपा म्हणावा असा एकही सामना नव्हता. हंगेरीच्या त्या संघात फ्लोरियान आल्बर्ट होता, ज्याने १९६७ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळवला. त्या हंगेरीने ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले, पण आपल्याविरुद्ध त्यांना २-१ एवढ्यावरच समाधान मानावे लागले, आणि आपला तो एक गोल बलराम यांचा होता. पेरूविरुद्ध आपण १-३ ने हरलो, तेव्हाचा एकमेव गोलही त्यांचाच. म्हणजे त्या स्पर्धेत भारताने केलेल्या तीन गोलांपैकी दोन बलराम यांचे होते. कोच भाऊंनी फ्रान्सविरुद्धच्या ज्या गोलाचा उल्लेख केला आहे, तो तिसरा.

जकार्ताविषयी बोलताना मात्र मी गोलांकडे बोट दाखवणार नाही. तिथे चुनी गोस्वामी यांना इनसाइड लेफ्टच्या जागी मोकळेपणाने खेळता यावे म्हणून बलराम यांना डाव्या टोकाला खेळवले गेले. ज्या जागेवर ते स्वतः उत्तम खेळत, ती दुसऱ्याला देऊन त्यांनी कडेची धावपळ पत्करली. संघाचा पाचवा आघाडीवीर कमी होऊन ४-२-४ ची रचना (चार बचावपटू, मध्ये दोघे, पुढे चौघे) आली, तेव्हा दोन्ही विंगरना पुढेही जावे लागे आणि मागे येऊन मधल्या दोघांना हातभारही लावावा लागे. हे काम वृत्तपत्राच्या धावत्या वृत्तांतात येत नाही आणि गोलांच्या तक्त्यातही दिसत नाही. पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना शिकवण्यासारखे त्याहून मोठे काही असेल, असे मला वाटत नाही.

प्रकृतीच्या कारणाने विशीतच त्यांना खेळ सोडावा लागला. १९६२ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पी. के. आणि चुनी या त्यांच्या दोन्ही साथीदारांना मिळालेली पद्मश्री मात्र त्यांच्या वाट्याला कधी आली नाही आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते गेले. पी. के. आणि चुनी यांच्याविषयी जेवढे लिहिले गेले, त्याच्या चौथाईनेही बलराम यांच्याविषयी लिहिले गेलेले नाही. मुलांसमोर कोणाला आणायचे, हे ठरवताना ही गोष्टही विचारात घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

कामठी_कॅन्टोन्मेंट

चुनी गोस्वामी यांचे नाव या चर्चेत इतक्या उशिरा, तेही दुसऱ्याच्या त्यागाच्या संदर्भात यावे, हे मला पटले नाही. जकार्तात ते कर्णधार होते. दक्षिण व्हिएतनामविरुद्धचा उपांत्य सामना आपण ३-२ असा जेमतेम जिंकला आणि त्यातले दोन गोल चुनी यांचे होते. ते झाले नसते तर अंतिम सामन्याचा विषयच निघाला नसता.

त्या दिवसांतले वातावरणही लक्षात घ्यावे. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, त्यावर आपले क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि यजमान देशाचा सगळा रोष भारतीय पथकावर ओढवला. भरगच्च स्टेडियम विरोधात असताना अकरा जणांना एकत्र ठेवून खेळणे आणि स्वतःचा खेळही तसूभर ढळू न देणे, हे कर्णधाराचे काम त्यांनी केले. पायात चेंडू असताना समोरच्याला चकवण्याचे जे कसब चुनी यांच्याकडे होते, ते शिकवून येत नाही, हे मला मान्य आहे. पण म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

एक प्रश्नही आहे. उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत गोल करणारे जर्नेल सिंग यांना आघाडीवीर म्हणायचे की नाही?

मोतीबाग_कोच

जर्नेल सिंग यांच्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ते स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणारे, होते आणि आशियातल्या सर्वोत्तम स्टॉपरपैकी एक होते. थायलंडविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या डोक्याला जबर दुखापत झाली, टाके पडले आणि जपानविरुद्ध ते खेळू शकले नाहीत. पुढे रहीम साहेबांनी बचावाचे केंद्र अरुण घोष यांच्याकडे सोपवून जर्नेल यांना जखमी डोक्यानिशी सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले, कारण महाविद्यालयात असताना ते त्या जागी खेळलेले होते, हे साहेबांच्या ध्यानात होते. अंतिम सामन्यात पी. के. यांच्या गोलानंतर तीनच मिनिटांनी जर्नेल यांनी दुसरा गोल केला आणि शेवटी आपण २-१ ने जिंकलो. खेळाडू जर्नेल असले, तरी त्या गोलामागचा निर्णय प्रशिक्षकाचा आहे. म्हणून या यादीत मी त्यांना धरणार नाही. त्यांच्यावर एक रविवार वेगळा ठेवू.

सदरच्या भाऊंनी मांडलेला मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण आमच्या मैदानावरच आहे. आमच्या गटातला एक तेरा वर्षांचा मुलगा उजव्या पायाने फार सुरेख मारतो. चेंडू डावीकडे आला की तो आधी थांबतो, चेंडू उजव्या पायावर ओढून घेतो, मान खाली घालून एकदा नीट बसवतो आणि मग मारतो. तेवढ्यात समोरचे दोघे येऊन उभे राहिलेले असतात. त्याला पी. के. यांचा जोरकस फटका सांगितला तर तो आणखी जोराने मारायला शिकेल. बलराम यांच्याविषयी सांगितले, तर चेंडू येण्याआधी काय करायचे याचा तो विचार करील. गोलांच्या मोजणीत पी. के. पुढे आहेत, हे मी आजही म्हणतो; पण रहीम साहेबांच्या शिकवणीचा नमुना म्हणून मुलांपुढे उभा करायचा खेळाडू बलराम, हे मला पटते. पुढचा रविवार त्यांचा.

सरावात नेमके काय घ्यावे, हे सदरच्या भाऊंनी सुचवावे.

धंतोलीकर

निर्णय मान्य आहे. फक्त नेव्हिल यांच्यासाठीही एक रविवार राखून ठेवावा आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो सामना मुलांना सविस्तर सांगावा, एवढीच विनंती.

सदर_लेफ्टविंग

पेनल्टी क्षेत्राच्या रुंदीएवढा चौकोन शंकू ठेवून आखावा आणि त्यात चार विरुद्ध चार असा खेळ घ्यावा. प्रत्येकाला चेंडूला जास्तीत जास्त दोनदा पाय लावण्याची मुभा असावी. पास दिला की देणाऱ्याने त्याच जागी न थांबता रिकाम्या कोपऱ्याकडे धावायचे. जो थांबेल त्याच्या संघाकडून चेंडू काढून घ्यायचा. यामुळे आघाडीची जागा एकाच मुलाची राहत नाही आणि डावा इनसाइड खेळणारा आपोआप विंगवर जाऊ लागतो. साधारण दहा मिनिटांनी दोनाऐवजी एकच स्पर्श ठेवावा. सुरुवातीला पास सारखे चुकतील, मुले वैतागतील, तरी नियम सैल करू नये. फक्त चौकोन थोडा मोठा करून द्यावा.

डाव्या पायानेच खेळण्याचा नियम मात्र पहिल्या रविवारी लावू नका. एका वेळी दोन बंधने घातली की मुलांचे सारे लक्ष पायाकडे जाते आणि मान पुन्हा खाली जाते. तो नियम त्यापुढच्या रविवारी घ्या, आणि आपण सांगितलेल्या त्या तेरा वर्षांच्या मुलाला मुद्दाम डाव्या टोकाला उभे करा.