मदत हवी आहे: लॅटिन ‘सतीवुस’ आणि नावांच्या लिंगाचा घोळ

बागेतल्या झाडांसाठी मराठी पाट्या करतोय. शास्त्रीय नाव देवनागरीत आणि खाली विशेषणाचा अर्थ एका ओळीत, अशी कल्पना आहे.

‘सतीवुस’चा अर्थ लागला. ‘सेरेरे’ म्हणजे पेरणे, त्यावरून ‘सतुस’ म्हणजे पेरलेला, पुढे ‘-ईवुस’ प्रत्यय. थोडक्यात, रानात आपोआप न उगवता माणसानं पेरून घेतलेलं. रूपं आपल्या चांगला-चांगली-चांगलंसारखीच बदलतात: मुळा राफानुस सतीवुस, भात ओरिझा सतीवा, लसूण आल्लियुम सतीवुम. इथवर फार आनंद वाटला!

पण चिंच तामारिंदुस इंडिका आणि पिंपळ फिकुस रेलिगिओसा. नाम ‘-उस’ शेवटाचं, विशेषण मात्र ‘-आ’. लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात, त्यामुळे या दोन्हींचा उलगडा झाला. मग आवळा, फिलांथुस एम्ब्लिका? इथं ‘एम्ब्लिका’ विशेषण नाहीच, ते नाम आहे. म्हणून ते लिंगाप्रमाणे बदलत नाही. हे मला वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात शोधून कळलं, नुसतं नाव पाहून कळलं नसतं.

साधे लॅटिन शब्दकोश पाहून झाले. त्यांत ही अलीकडची नावं मिळत नाहीत. उच्चार अभिजात लॅटिनप्रमाणेच ठेवायचे ठरलेत, तेव्हा ‘सटायव्हा’ की ‘सतीवा’ हा वाद नको. संस्कृत व्याकरण येतं, त्या परिभाषेत सांगितलंत तरी चालेल.

तर नावातला दुसरा शब्द विशेषण आहे की नाम, हे ओळखण्याची खात्रीची रीत कोणती? आणि पहिल्या शब्दाचं लिंग नेमकं कुठे पाहायचं?