वजन बेताचे, पण पोट सुटलेले: हृदयाला धोका कितपत?

मुलुंडची गृहिणी: माझ्या यजमानांचे वय ४८, उंची १७० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढलेली आणि एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी आले, तेव्हा डॉक्टरांनी हृदय जपायचे असेल तर पोट कमी करा असे बजावले. हातपाय सडपातळ आहेत, ढेरी मात्र सुटली आहे. दिवसभर फोर्टच्या ऑफिसात बसून काम, आणि घरी पोहोचून जेवायला रात्रीचे दहा वाजतात. कोणीही लठ्ठ म्हणणार नाही अशा माणसाला हा धोका कसा?

परळकर: ताई, डॉक्टरांचे म्हणणे रास्त आहे. यजमानांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३.५ येतो, आणि भारतीयांसाठी २३ पासूनच वजन जास्त धरतात. शिवाय बीएमआयवरून चरबी किती आणि कुठे आहे ते कळत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली होती: दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. आतड्यांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात. मग यकृत जास्त ट्रायग्लिसराइड रक्तात सोडते, एचडीएल घटते, एलडीएल या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे कण लहान आणि घट्ट होतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थर साचण्यास पोषक स्थिती तयार होते. यजमानांच्या रिपोर्टमध्ये याचीच सुरुवात दिसते, असे मला वाटते.

दादरचे काका: पोटाच्या घेरासाठी पँटच्या मापावर विसंबू नका, कारण पँट ढेरीच्या खाली बांधली जाते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यावे. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आपलेही माप घ्या, ताई.

मुलुंडची गृहिणी: आताच मोजले, त्यांचे ९७ भरले. ते रात्री मोठ्याने घोरतातही.

परळकर: मग घोरण्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण झोपेत श्वास अडत असेल तर रक्तदाबही वाढतो. रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर तपासली नसेल तर तपासून घ्या. वजन पाच टक्के, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास, उतरले तरी ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब यांत फरक दिसू लागतो. नुसत्या पोटाच्या व्यायामाने तिथलीच चरबी झडत नाही. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि संध्याकाळच्या चहाबरोबरचे फरसाण बंद करणे, यांपासून सुरुवात करावी. चालताना छातीत दडपल्यासारखे झाले किंवा धाप लागली, तर मात्र वेळ न घालवता डॉक्टर गाठा.