डेमो नागपुरात नको, केसपेपरच्या खिडकीवर घ्या

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेण्याआधी डॉक्टरांना डेमो दाखवा म्हणजे फसगत होत नाही, असं काहीजण सांगतात. अर्धंच पटलं. यवतमाळकडच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टरांनीच पसंत केलं होतं, नागपूरच्या एसी हॉलमध्ये बसून. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट कुठं दिसेल हे कोणीच विचारलं नाही. तो गेला 'शेरा' रकान्यात, तीन क्लिक आत. रात्री सिकलसेलमुळं हाडं दुखून तळमळणारी पोरगी आली तर स्क्रीनवर नाव, वय, वजन, बस. शेवटी सिस्टरनं जुनीच युक्ती काढली, केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेननं 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा पेशंट. नुसता वाहक (आजाराचा एकच जनुक असलेला) असला की 'एएस'. लाखांचं सॉफ्टवेअर अन् काम पाच रुपयांच्या पेनाचं!

आभाचंही, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचंही, तसंच. 14 अंकी नंबर आधारवरून काढायचा तर ओटीपी येतो जोडलेल्या मोबाइलवर, अन् तो मोबाइल वावरात गेलेल्या पोराच्या खिशात. म्हणून साहेबलोकांना एकच सांगणं: कंपनीला आपलेच दहा जुने केसपेपर द्या, त्यात एक सिकलसेल, एक बाळंतीण, एक सर्पदंश. भरून दाखवा म्हणा, बाजाराच्या दिवशी, लाइन गेलेली असताना.