ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाकल्यापासून अ‍ॅव्हरेज पडलं, पिकअप मात्र तसाच. असं कसं?

वळणदार:
मंडळी, गाडी जुनी पण इंजेक्शनवाली आहे. 1.2 लिटर, टर्बो नाही. मॅन्युअलमध्ये ई10 पर्यंत चालेल असं लिहिलंय, आता टाकीत ई20 जातंय. हायवेला लिटरला 15 द्यायची, हल्ली डिस्प्ले 12 दाखवतो. पण इथेनॉलमध्ये दम कमी असेल तर ओव्हरटेकला गाडी ढिली पडायला हवी ना? तसं काहीच जाणवत नाही. उलट चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन टकटक करायचं, ते कमी झाल्यासारखं वाटतंय. की मनाचे खेळ?

नटबोल्ट:
मनाचे खेळ नाहीत. अ‍ॅव्हरेज आणि ताकद हे दोन हिशेब वेगळे आहेत, लोक उगाच एकात मिसळतात.

पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरमध्ये 21. आपण अ‍ॅव्हरेज लिटरवर मोजतो, म्हणून ते पडणारच. ताकद मात्र सिलिंडरमध्ये हवा किती शिरते त्यावर ठरते. एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त जाळता येतं. किलोभर हवेमागे उष्णता काढून बघा, दोन्हीकडे 2.9 मेगाज्यूलच्या आसपासच येते. ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय; ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन सोडणारा इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो, झालं. पिकअप तोच, टाकी लवकर रिकामी.

टकटकीचं म्हणाल तर इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे टकटक रोखण्याची ताकद, 108 च्या घरात. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड राहते. पण तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबलं जातं ते, आहे तेवढंच राहणार, त्यामुळे फायदा तिथेच संपतो. मुळात जास्त कॉम्प्रेशन ठेवून बनवलेलं इंजिन असतं तर घटलेल्या अ‍ॅव्हरेजपैकी थोडं परत मिळालं असतं.

तुमचे 12 मात्र मला पचत नाहीत. ई10 वरून ई20 ला ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी घटते. 15 चे साडेचौदा होतील. अगदी शुद्ध पेट्रोलवरून आला असाल तरी 14. बाकीचं बिल इथेनॉलच्या नावावर फाडू नका.

जेटनंबर:
हे सगळं सेन्सरवाल्या गाड्यांचं. माझ्या कार्ब्युरेटरवाल्या बाइकला कोण सांगणार मिश्रण पातळ झालंय म्हणून? पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक आहे तेवढंच. थ्रॉटल पिळला की आधी अडखळायची, मग उचलायची, सकाळी चोक जास्त वेळ. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, आता बरी चालते.

शंकेखोर:
साडेतीन टक्के कागदावर, नटबोल्टभाऊ. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांचं काय? आणि पाण्याचं?

नटबोल्ट:
रबराची शंका रास्त आहे. ई20 साठी न बनवलेल्या नळ्या, ओ-रिंग फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. पेट्रोलचा वास आला की गाडी चालवायची नाही, आधी नळ्या बघायच्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर चोंदू शकतो. पाणी म्हणाल तर रोजच्या गाडीत फारसं भ्यायला नको. महिनोन्महिने उभ्या गाडीत ते ओलावा ओढत राहतं, आणि प्रमाणाबाहेर गेलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो. पंप नेमका तळातूनच ओढतो.

फक्त हौस म्हणून साध्या गाडीत ई85 टाकू नका कोणी. त्याला चाळीस टक्के जास्त इंधन सोडावं लागतं, ईसीयूची तेवढी दुरुस्ती करायची मुभाच नसते. चेक इंजिनचा दिवा लागतो.

वळणदार, डिस्प्लेवर जाऊ नका. तो इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून काढलेला अंदाज असतो. टायरची हवा बघा, त्याच पंपावर पहिल्या कटऑफपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा, पुढच्या वेळी तशीच भरून किलोमीटर भागिले लिटर करा. जमलं तर स्कॅनर लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी इंधन सोडतोय ते कळेल.

वळणदार:
केलं. फुल टू फुल 13.2 आलं, म्हणजे डिस्प्ले खोटं बोलतोय, पण पूर्ण नाही. मित्राचा स्कॅनर लावला, ट्रिम अधिक चारच्या आसपास.

नटबोल्ट:
अधिक चार म्हणजे ईसीयूने ई20 व्यवस्थित सांभाळलंय. इंजिनाला सोडा आता. एखादा ब्रेक धरून राहिलाय का ते बघू: हायवेवरून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, रिमला लगेच हात लावू नका.

वळणदार:
पुढचं उजवं चाक भट्टीसारखं तापलंय! डावं कोमट. ब्रेकचे पॅड दाबणारा कॅलिपर का?

जेटनंबर:
कॅलिपरच. पिन जाम झाल्या असतील. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवून बघ, आणि पॅडही बघून घे, एका बाजूचे संपले असतील.