प्रति: एच-4 वरची घुसमट
नवऱ्याच्या एच-1बीपायी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसापायी, नोकरी सोडली, आता पदरी तान्हं लेकरू आणि अमेरिकेत घरात कोंडल्यासारखं होतंय, असं तुम्ही लिहिलंय ताई. 'एच-4वर', म्हणजे एच-1बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, 'कामच करता येत नाही' हे अर्धसत्य आहे. नवऱ्याचा आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज) मंजूर असेल तर 2015 पासून आय-765 हा अर्ज भरून वर्क परमिट मागता येतं. वर्गाच्या रकान्यात सी-26. बऱ्याच कंपन्या मंजुरीची प्रत देत नाहीत, तेव्हा निदान त्या आय-140 अर्जाच्या पावतीवरचा रिसीट नंबर पदरात पाडून घ्या. परमिट तुमच्या आय-94च्या (अमेरिकेत किती दिवस राहता येईल त्या नोंदीच्या) तारखेपलीकडे मिळत नाही, आणि पासपोर्ट संपत आला असेल तर विमानतळावर आय-94च तोकडा देतात. म्हणून पासपोर्ट आधी नवा करून घ्या. आय-140 नसेल तर कम्युनिटी कॉलेज गाठा, शिकायला वेगळी परवानगी लागत नाही. सगळ्यात आधी मात्र ड्रायव्हिंग लायसन्स! सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून अडवलं, तर सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसातून, तुम्हाला नंबर मिळू शकत नाही असं, नकाराचं पत्र आणायचं. बऱ्याच राज्यांत ते चालतं.