जेमीटर १८० च्या वर जातच नाही आणि सर्व्हर तर झोपलाय, लोड टेस्टच्या आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

ठाणेकर_क्यूए

नमस्कार मंडळी, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या क्लायंटचं बस बुकिंगचं पोर्टल आहे, बोरिवली-दादर-पनवेलहून कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला जाणाऱ्या खाजगी स्लीपर. वर्षभर निवांत असतं पण गणपतीचं बुकिंग ज्या सकाळी उघडतं त्या सकाळी अख्खी मुंबई एकदम येते. त्याआधी क्लायंटला लोड टेस्टचा, म्हणजे खोटी गर्दी मारून साइट किती झेलते त्याचा, रिपोर्ट पाहिजे आणि त्यात "५००० कॉनकरंट (एकाच वेळी साइटवर असलेले) युजर चालतात" अशी एक ओळ पाहिजे, बाकी पानं कोणी वाचणार नाही हे मला माहितीय.

तर मी अंधेरीच्या ऑफिसातून माझ्या विंडोज लॅपटॉपवर जेमीटर, म्हणजे ही खोटी गर्दी मारणारं टूल, लावलाय. लॉगिन, सर्च, सीट लेआउट, सीट होल्ड, पेमेंट असा फ्लो, थिंक टाइम (दोन क्लिकमधला माणसाचा विचारवेळ) काही नाही. ५०० थ्रेड, म्हणजे ५०० खोटे युजर, टाकले की थ्रूपुट सेकंदाला साधारण १८० रिक्वेस्ट आणि अ‍ॅव्हरेज पावणेतीन सेकंदांत उत्तर. १००० टाकले तरी १८० च, फक्त अ‍ॅव्हरेज साडेपाच होतं. आणि दीड-दोन मिनिटांनी लाल एरर यायला लागतात, "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" असं काहीतरी. सर्व्हर डबल करून पाहिला, काही फरक नाही, सीपीयू २५ टक्क्यांच्या वर जात नाही. डेव्हलपर म्हणतो तुझं टूल भंकस आहे, मॅनेजर म्हणतो अजून मोठा सर्व्हर घ्या. बरोबर कोण? आणि दुसरं टूल घेऊ का, लोडरनर वगैरेचं बजेट नाहीये.

जुना_परफॉर्मन्सवाला

तुझ्या पोस्टमधेच उत्तर आहे बघ. ५०० ला १८० ने भाग, पावणेतीन येतात, १००० ला भाग, साडेपाच येतात. म्हणजे तुझा रिस्पॉन्स टाइम सर्व्हरचा नाहीच, कुठेतरी १८० ला बूच बसलंय आणि बाकीचे थ्रेड त्याच्या मागे रांगेत उभे आहेत, थ्रेड वाढवले की फक्त रांग वाढते. आता रांग कुठे आहे एवढंच शोधायचं. एनजिनएक्सच्या (पुढच्या वेब सर्व्हरच्या) लॉगमधे अपस्ट्रीमचा, म्हणजे मागच्या सर्व्हरचा, टाइम छापून घे, तिथे २०० मिलिसेकंद दिसले आणि तुला पावणेतीन सेकंद दिसले तर डेव्हलपरला चहा पाज, त्याचं बरोबर आहे, निदान आजच्यापुरतं.

माझा संशय ऑफिसच्या लाइनवर आहे. समरी रिपोर्टमधे अ‍ॅव्हरेज बाइट्सचा कॉलम असतो, तो किती दाखवतो? आणि हेडर मॅनेजरमधे अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग टाकलंयस का? जेमीटर ते आपणहून पाठवत नाही, मग सर्व्हर जीझिप न करता सगळं उघडंनागडं पाठवतो. खऱ्या ब्राउझरला तेच पान दाबून जातं, म्हणजे तुझी लाइन विनाकारण भरते आणि सर्व्हरला जीझिपसाठी जो सीपीयू लागला असता तो लागतच नाही. दोन्हीकडून खोटं.

लाल एररचं पण सोपंय. विंडोजला बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी डिफॉल्ट ४९१५२ ते ६५५३५ एवढेच पोर्ट असतात, म्हणजे १६३८४. प्रत्येक रिक्वेस्टला नवीन कनेक्शन उघडत असेल तर बंद झालेला पोर्ट काही काळ टाइम-वेटमधे अडकून राहतो, आणि १६३८४ भागिले १८० केलं की ९१ सेकंद. तुझी दीड मिनिटं. कीप-अलाइव्ह, म्हणजे तेच कनेक्शन पुन्हा वापरणं, चालू आहे का बघ. लिनक्सवर गेलास तरी हे संपत नाही, तिथे डिफॉल्ट २८२३२ पोर्ट आणि टाइम-वेट ६० सेकंद, म्हणजे एका मशीनवरून एका आयपी-पोर्टकडे सेकंदाला ४७० च्या आसपास नवीन कनेक्शन झाली की तिथेही तेच रडगाणं.

आणि जीयूआयमधे, म्हणजे खिडक्या-बटणं उघडून, चालवतोयस ना? खोटं बोलू नको. उघडताना मागच्या काळ्या खिडकीत जेमीटर स्वतः लिहितो की लोड टेस्टसाठी जीयूआय वापरू नका, पण ती खिडकी कोण वाचतंय. कमांड लाइनवरून चालव, व्ह्यू रिझल्ट्स ट्री काढून टाक, तो रिस्पॉन्स मेमरीत धरून बसतो आणि डिफॉल्ट हीप, म्हणजे जेमीटरला मिळालेली मेमरी, असते १ जीबी.

ठाणेकर_क्यूए

सर, अ‍ॅव्हरेज बाइट्स ६५ हजारच्या आसपास आहे. लाइन १०० एमबीपीएसची. एन्कोडिंगचं हेडर नाहीये. आणि हो, जीयूआय 🙈

जुना_परफॉर्मन्सवाला

६५ हजार गुणिले १८० गुणिले ८, साडेत्र्याण्णव एमबीपीएस. १०० च्या लाइनवर यापेक्षा जास्त निघत नाही. तुम्ही इतके दिवस ऑफिसच्या ब्रॉडबँडची लोड टेस्ट करताय 😄 क्लाउडच्या मुंबई रीजनमधे एक-दोन लिनक्स मशीन घे, तिथून मार. सर्व्हर परत छोटा कर आधी, बिल वाचेल.

गो_गोखले

वरचं सगळं बरोबर पण मूळ गोष्ट अजून कोणी बोललं नाही. तुझे ५०० थ्रेड हे बंद गोल आहेत, म्हणजे एका थ्रेडला उत्तर मिळालं की मगच तो पुढची रिक्वेस्ट मारतो. सर्व्हर हळू झाला की तुझं टूलपण आपोआप हळू होतं. समज थिंक टाइम ३ सेकंद ठेवलास आणि रिस्पॉन्स अर्धा सेकंद आहे, तर ५०० भागिले साडेतीन, सेकंदाला १४३ रिक्वेस्ट. सर्व्हर गुदमरला आणि रिस्पॉन्स साडेचार सेकंदांवर गेला की ५०० भागिले साडेसात, ६७. बरोब्बर ज्या क्षणी त्याच्यावर ताण पाहिजे त्या क्षणी लोड निम्म्यावर! खरी गर्दी अशी सभ्य नसते, दादरला आधीची गाडी सुटली नाही म्हणून पुलावरून उतरणारी माणसं थांबतात का? ती येतच राहतात, वर तुझ्या केसमधे पान अडकलं की माणूस रिफ्रेश दाबतो, म्हणजे एकाचे तीन.

म्हणून के६ या दुसऱ्या टूलमधे कॉन्स्टंट अरायव्हल रेट वापर. सेकंदाला ३०० म्हणजे ३००, सर्व्हर मरो की जगो. आणि त्याचे व्हर्च्युअल युजर कमी पडले तर किती इटरेशन (फेऱ्या) मारताच आल्या नाहीत ते तो ड्रॉप्ड इटरेशन म्हणून मोजून दाखवतो. तो आकडा शून्य नसेल तर टेस्ट फुकट, आधी तो बघायचा.

यातलंच पुढचं म्हणजे पर्सेंटाइलचा घोटाळा, याला कोऑर्डिनेटेड ओमिशन म्हणतात, गिल टेनी नावाच्या माणसाने हे लावून धरलं आणि त्यासाठी डब्ल्यूआरके२ हे टूल लिहिलं. मिनिटभराची टेस्ट घे, सेकंदाला १०० रिक्वेस्ट एकाच कनेक्शनवर, आणि मधे सर्व्हर १० सेकंद थिजला. टूलच्या वहीत काय येतं? ५००० मस्त सॅम्पल आणि एक वाईट. नाइन्टीनाइन्थ पर्सेंटाइल (शंभरातल्या ९९ रिक्वेस्टना ज्याच्या आत उत्तर मिळालं तो वेळ) एकदम हिरवं. पण त्या १० सेकंदांत ज्या १००० रिक्वेस्ट यायला हव्या होत्या त्या टूलने मारल्याच नाहीत, मारल्या असत्या तर सहातली एक अडकली असती आणि तोच पर्सेंटाइल ९ सेकंदांच्या वर गेला असता. तर जेमीटर सोड आणि के६ वर ये.

जुना_परफॉर्मन्सवाला

गोखले, मुद्दा १०० टक्के मान्य, पण "जेमीटर सोड" कशाला? ५.५ पासून ओपन मॉडेल (उत्तराची वाट न बघता ठरलेल्या दराने मारणारा) थ्रेड ग्रुप आहे की त्यात. गॅटलिंग टूलमधे ओपन-क्लोज्ड दोन्ही आहेत. आणि के६ मधे पण नुसते व्हीयू (व्हर्च्युअल युजर) टाकले तर तो पण बंद गोलच. दर दोन वर्षांनी टीम टूल बदलते, स्क्रिप्ट पुन्हा लिहिते आणि तीच चूक नव्या भाषेत करते, हे मी फार बघितलंय.

डीबीवाली

टूलवाल्यांचं भांडण चालू द्या, मला एक सांग ठाणेकर, तुझ्या सीएसव्हीमधे (टेस्टच्या डेटाच्या फाइलमधे) बसेस आणि तारखा कशा भरल्यास? रॅन्डम ना? सगळ्या मार्गांवर सगळ्या तारखांना सारखे?

गणपतीत असं होतं का कधी? चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री, कुडाळ-सावंतवाडी-कणकवली, खालचा बर्थ, आणि बुकिंग उघडल्यावरची पहिली दहा मिनिटं. सगळे त्याच मोजक्या बसेसच्या त्याच सीटवर तुटून पडणार. डेटाबेसमधे याचा अर्थ असा की शेकडो ट्रान्झॅक्शन त्याच रो (टेबलातल्या ओळी) लॉक करायला बघतायत, एकाला मिळतो, बाकीचे कनेक्शन धरून उभे. कनेक्शन पूल (डेटाबेसची मोजकी कनेक्शन) संपला की ज्याला फक्त सर्च करायचंय तो पण अडकला. सीपीयू तेव्हाही २५ टक्केच असेल, कारण वाट बघायला सीपीयू लागत नाही. रॅन्डम डेटाने हे तुला कधीच दिसणार नाही कारण तुझी गर्दी छान पसरलेली आहे, टक्कर होतच नाही. कोणतंही टूल हे स्वतःहून करून देत नाही, त्याला काय माहिती कुडाळ म्हणजे काय. गेल्या वर्षीचे अ‍ॅक्सेस लॉग असतील तर त्यातून मार्ग आणि तारखांचं प्रमाण काढ आणि त्या प्रमाणात सीएसव्ही भर, आणि एक लॉगिन शंभर वेळा वापरू नको, तो कॅशमधूनच येईल.

दुसरं, सीट होल्ड. स्क्रिप्टमधे पेमेंट एका सेकंदात परत येतं. खरा माणूस यूपीआय अ‍ॅप उघडतो, पिन विसरतो, नवऱ्याला फोन लावतो, दीड मिनिट धर. सेकंदाला १० होल्ड लागत असतील तर तुझ्या टेस्टमधे एका वेळी १० सीट अडकलेल्या असतात, आणि त्या दिवशी ९००. ३० बर्थची स्लीपर धरली तर ३० बसेस "फुल" दिसणार, पैसे कोणीच भरलेले नाहीत. त्यात होल्ड जर उघड्या ट्रान्झॅक्शनमधे ठेवलं असेल तर देवच वाचवो, ते एक्स्पायरी टाइम टाकून साध्या रोमधे ठेवायला सांग.

आणि पेमेंट गेटवेच्या सँडबॉक्सवर (टेस्टसाठीच्या सर्व्हरवर) लोड मारू नको. त्यांची लिमिट तुला आधी लागेल आणि तू त्यांचा सँडबॉक्स मोजत बसशील. स्वतःचा स्टब, म्हणजे खोटा गेटवे, लाव, पण ठरावीक २०० मिलिसेकंदांचा नको, कधी ५ सेकंद, कधी दोन मिनिटं, कधी कॉलबॅक येतच नाही असा.

क्लाउड_कांदिवली

ताईंचं वाचून माझाच बीपी वाढला. इन्फ्राचे दोन-तीन मुद्दे घाईघाईत, ट्रेनमधे आहे.

टेस्ट दहा मिनिटांची करू नका. एडब्ल्यूएस क्लाउडची जीपी२ डिस्क असेल तर १०० जीबीला हक्काचे फक्त ३०० आयओपीएस (सेकंदाला वाचन-लेखन), पण साठलेल्या क्रेडिटवर ती ३००० पर्यंत उडते, आणि भरलेलं क्रेडिट पूर्ण जोरात साधारण अर्धा तास पुरतं. दहा मिनिटांत सगळं हिरवं, पस्तिसाव्या मिनिटाला धपकन खाली. निदान दीड तास चालवा.

रॅम्प-अप पण बघा, पाच मिनिटांत हळूहळू चढवलं तर ऑटोस्केलिंगला (आपोआप सर्व्हर वाढवणाऱ्या सोयीला) वेळ मिळतो. तत्काळला एसीचं १० ला आणि नॉन-एसीचं ११ ला उघडतं तेव्हा लोक रॅम्प-अपने येतात का? लोड बॅलन्सर (गर्दी सर्व्हरांत वाटणारा) वाढला की त्याचे आयपी बदलतात आणि जेमीटर जुन्यालाच चिकटून राहू शकतो, त्यासाठी डीएनएस कॅश मॅनेजर टाका.

आणि फायरवॉलमधे तुमच्या टेस्ट मशीनचा आयपी व्हाइटलिस्ट करणार ना, करावाच लागतो. पण मग पर-आयपी लिमिट टेस्टच होत नाही. मोबाइल कंपन्या खूप गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक आयपीमागे ठेवतात, तुमची फायरवॉल त्यांना हल्ला समजून उडवेल आणि तुमच्या रिपोर्टमधे त्याचा मागमूस नसेल. उलट व्हाइटलिस्ट केलं नाही तर कॅप्चाचं पान २०० ओके म्हणून येतं आणि टूल पास देतं. रिस्पॉन्स असर्शन लावा, पानात पीएनआर आला तरच पास.

ठाणेकर_क्यूए

बापरे, धन्यवाद सगळ्यांना. अपडेट असा की मुंबई रीजनच्या दोन लिनक्स मशीनवरून कमांड लाइनने चालवलं, हेडर टाकलं. १८० चं बूच गेलं, पोर्टवाले एरर पण गेले. मग ताई म्हणाल्या तसा कुडाळकडे झुकवलेला डेटा टाकला आणि सीट होल्डवर लॉक वेट टाइमआउटची रांग लागली, सर्चपण मेलं, सीपीयू ३० टक्के. डेव्हलपर आता टूलला भंकस म्हणत नाहीये. दोन प्रश्न राहिले. साइट रिअ‍ॅक्टमधे आहे, जेमीटर जावास्क्रिप्ट चालवत नाही मग लोकांना पान किती सेकंदांत दिसतं ते कसं सांगू? आणि ती "५००० कॉनकरंट" ची ओळ लिहू का नको?

गो_गोखले

पहिल्याचं, सगळा लोड ब्राउझरने मारायला जाऊ नको, एकेक ब्राउझर शेकडो एमबी खातो, मशीनचं भाडं क्लायंटच्या बसपेक्षा जास्त होईल. लोड एपीआयवरच, म्हणजे पानामागच्या रिक्वेस्टवरच, मार, आणि तो चालू असताना बाजूला दोन-चार खरे ब्राउझर प्लेराइट टूलने किंवा के६ च्या ब्राउझर मॉड्यूलने फिरव, नेटवर्क हळू करून. माणसाला दिसणारा वेळ तिथून घे.

जुना_परफॉर्मन्सवाला

ती ओळ लिहू नकोस. थिंक टाइम शून्य ठेवलेले ५००० आणि सीट निवडताना मिनिटभर घरी विचारणारे ५००० यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, उद्या काही झालं की तुझी तीच ओळ तुझ्यासमोर धरतील. मिनिटाला किती बुकिंग पूर्ण झाली ते लिही, किती वेळ, कुठला डेटा, कुठल्या साइजचा सर्व्हर, आणि वाढवत नेल्यावर कुठल्या आकड्याला काय आधी तुटलं. पेमेंट आणि एसएमएस स्टब केलेत हे पहिल्याच पानावर टाक. क्लायंट कॉनकरंटच मागत बसला तर अरायव्हल रेट गुणिले माणूस साइटवर सरासरी किती वेळ असतो, असा हिशोब मांडून दे, आणि तो वेळ गेल्या वर्षीच्या लॉगमधून काढ, मनाने नको.

डीबीवाली

आणि टेस्टसाठी ओटीपी बायपास केला असशीलच. तो फ्लॅग प्रॉडक्शनच्या कॉन्फिगमधे गेलेला नाही हे बुकिंग उघडायच्या आधी तू स्वतः लॉगिन करून बघ, डेव्हलपरच्या "काढलाय" वर राहू नको.